आजोबांच्या ट्रंकेतला दारूगोळा: जिवंत की निकामी, हे घरात ठरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही समजेल. कोरेगाव तालुक्यातले वडिलोपार्जित घर पाडून तुम्हाला नवे बांधायचे आहे. माळा रिकामा करताना, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत असलेल्या आजोबांची लोखंडी ट्रंक सापडली. तिच्यात पदके आणि कागदपत्रांबरोबर पत्र्याच्या डबीत काही काडतुसे आणि अननसासारख्या खाचा असलेला, बाजूला लोखंडी पट्टी असलेला एक गोळा निघाला. देवघराशेजारी फुलदाणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले पितळी नळकांडेही तोफेच्या गोळ्याची पुंगळी असावी, असे आता तुम्हाला वाटते आहे. गोळा तुम्ही माळ्यावरून खाली आणून सोप्यात ठेवला आहे. चुलते म्हणतात, विहिरीत टाका. भाऊ म्हणतो, पितळ भंगारात द्या आणि गोळा बांधाला पुरा. शेजारी म्हणतात, पोलिसांत गेलात तर केस अंगावर येईल. तुम्ही विचारले आहे की वस्तू जिवंत आहे की नाही हे कसे ओळखावे आणि गाजावाजा न करता तिची विल्हेवाट कशी लावावी.

उत्तर लांब होणार आहे, म्हणून आधी आत्ता करायचे ते सांगतो. सोप्यातल्या त्या गोळ्याला पुन्हा हात लावू नका. तो माळ्यावर परत ठेवू नका, बादलीत बुडवू नका, त्यावर पोती किंवा विटा रचू नका. घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना आणि वृद्धांना, बाहेर काढा. शेजारच्या दोन्ही घरांना सांगा. निदान 100 मीटर दूर आणि मध्ये पक्की भिंत किंवा इमारत येईल अशा जागी थांबा. तिथून 112 वर फोन करा आणि ‘जुना लष्करी हातगोळा सापडला आहे’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगा. पोलीस पाटलांनाही कळवा, कारण गल्ली रिकामी करण्याचे काम गावात त्यांच्या शब्दाने लवकर होते. जेसीबी सांगितला असेल, तर तो आजच थांबवा. एवढे करून मग पुढचे वाचा.

तुम्ही प्रश्न ‘जिवंत की निकामी’ असा विचारला आहे, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असे मला वाटते. लष्करात दारूगोळ्याच्या खात्यात आणि निवृत्तीनंतर पोलिसांच्या पथकांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्यात वारंवार हेच दिसले की घरात सापडलेल्या वस्तूने होणारे अपघात सापडण्याच्या क्षणी फारसे होत नाहीत. ते नंतर होतात, वस्तू लपवताना, पुरताना, फेकताना, ठोकून पाहताना किंवा विकताना. माणूस हे सारे करतो ते बहुधा स्फोटाच्या भीतीने नव्हे, तर पोलिसांच्या भीतीने. ‘गाजावाजा न करता’ हे तुमचे शब्द त्यामुळेच मला त्या गोळ्याइतके काळजीचे वाटले.

आता वस्तूकडे वळू. तुमच्या वर्णनावरून तो 36 नंबरचा हातगोळा असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश सैन्यात आलेल्या मिल्स बॉम्बची ही सुधारलेली आवृत्ती. वजन पाऊण किलोच्या आसपास, अंग बिडाचे, आत स्फोटक. आपल्या सैन्यात तो स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके वापरात होता. त्याची जागा घेणारा नवा हातगोळा 2021 मध्ये सैन्याच्या हाती येऊ लागला. त्यामुळे ट्रंक आजोबांची आहे म्हणून गोळाही 1940 च्या दशकातला आहे असे धरून चालता येत नाही. 1965 किंवा 1971 च्या युद्धात असलेल्या कोणा चुलत्यानेही तो तिथे ठेवलेला असू शकतो. वयाचा अंदाज चुकला की ‘इतक्या जुन्यात आता काय दम असणार’ हा पहिला दिलासाही पोकळ ठरतो.

या गोळ्याची रचना साधी आहे, आणि तिच्यामुळेच माझी काळजी वाढते. आत एक दट्ट्या स्प्रिंगच्या ताणावर रोखलेला असतो. त्याला बाहेरची पट्टी, म्हणजे लिव्हर, अडवून धरते आणि लिव्हरला अडवते ती एक बारीक पिन. पिन निघाली आणि लिव्हर सुटला, की दट्ट्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर आदळतो आणि साधारण चार सेकंदांत स्फोट होतो. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या गोळ्याला कडी नाही, पिनेच्या जागी बांधकामाची वाटावी अशी तार वाकवून घातली आहे. या एका तपशिलाचे दोन अर्थ निघतात. एक, तो सरावाचा पोकळ गोळा असेल आणि कोणी तरी पिन हरवल्यावर शोभेसाठी तार घातली असेल. दोन, तो भरलेला असेल आणि पिन गंजून तुटायला आली म्हणून कोणा जाणत्याने घाईने तार ओवली असेल. माझ्या खात्यात आम्हांला पहिल्या दिवसापासून दुसरा अर्थ खरा धरायला शिकवले जाई. ती तार आज किती गंजली आहे, तिचे एक टोक ट्रंकेतल्या कापडात अडकून ओढले गेले का, हे तुम्हाला सोप्यात उभे राहून समजणार नाही. जवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढून मला पाठवण्याचीही गरज नाही, कारण फोटोवरून मीही ते ठरवणार नाही.

‘तो खाली आणला, काही झाले नाही, म्हणजे निकामीच असणार,’ असे घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना एवढेच सांगा की न फुटणे हा निकामी असण्याचा पुरावा नाही. जुनी स्फोटके वयाबरोबर सरसकट मवाळ होत जातात हा समज खोटा आहे. टीएनटीसारखे मुख्य भरण कोरड्या जागी अनेक दशके जवळजवळ जसेच्या तसे राहते. बिघडतो तो त्याला पेटवणारा नाजूक भाग, म्हणजे डिटोनेटर, आणि तो पुष्कळदा वाईट दिशेने बिघडतो. डिटोनेटरमधले लेड अ‍ॅझाइड हे स्फोटक दमट हवेत तांब्या-पितळेच्या संपर्कात राहिले, तर तांब्याचे अ‍ॅझाइड बनू शकते, आणि ते मूळ पदार्थापेक्षा कितीतरी हळवे असते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील काही तोफगोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेले असे. धातूशी संयोग होऊन त्याचेही असेच हळवे क्षार तयार होतात. म्हणजे नवा गोळा ठरल्याप्रमाणे वागतो, जुना कसा वागेल ते सांगता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात 2008 मध्ये जुने तोफगोळे जमवणारा एक अनुभवी छांदिष्ट, तिथल्या यादवी युद्धातला म्हणजे 140 हून अधिक वर्षे जुना गोळा साफ करताना आपल्या अंगणातच स्फोटात मेला. त्यात होती ती साधी काळी दारू. आपल्याकडे किल्ल्याच्या पायथ्याशी शेतात तोफगोळे सापडतात, त्यांतले बहुतेक भरीव लोखंडाचे किंवा दगडाचे असतात हे खरे. पण दारू भरलेले कुलपी गोळेही त्या काळी वापरात होते, आणि गंजाच्या थराखाली भरीव कोणता व पोकळ कोणता हे बाहेरून दिसत नाही.

डबीतली काडतुसे आणि पितळी पुंगळी यांचे तसे नाही. त्यांच्या बाबतीत माझा सूर थोडा खाली येईल. सुटे काडतूस बंदुकीबाहेर फुटले तर गोळी फार जोराने जात नाही, पण पितळेचे तुकडे उडतात आणि डोळा जाऊ शकतो. म्हणून ती मोजू नका, घासू नका, उन्हात वाळवू नका आणि चुलीपासून दूर राहू द्या. फुलदाणीचे म्हणाल, तर त्या काळच्या कित्येक सैनिकांनी रिकाम्या पुंगळ्या आठवण म्हणून घरी आणल्या, आणि सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत त्या आजही चिंचेने घासून चकचकीत ठेवलेल्या दिसतात. वरचे तोंड मोकळे आहे, आत फक्त फुले आणि पाणी राहत आले आहे, अशी पुंगळी पाहून घाबरण्याचे कारण नाही. फक्त तिच्या बुडाच्या मध्यभागी एक गोल टोपी असते, ती उडालेली असेलच असे नाही. टोपीवर खळगा दिसला तरी तो आघात फसलेला असू शकतो. तेव्हा तिला भोक पाडून दिवा बनवणे, कल्हईवाल्याकडे किंवा आटणीला देणे हे करू नका. आहे तिथे राहू द्या आणि पथक येईल तेव्हा त्याच फेरीत दाखवा. मात्र पुंगळीच्या तोंडात टोकदार गोळा बसवलेला असेल, तर तिला फुलदाणी न मानता तोफेचा पूर्ण गोळाच माना आणि अंतर 100 वरून 300 मीटरवर न्या.

चुलत्यांचा विहिरीचा सल्ला मी अनेक गावांत ऐकला आहे, आणि तो सर्वांत वाईट आहे. पाण्याने हे गोळे मरत नाहीत. ते ओल्या खंदकांत वापरायला बनवलेले असत. पाण्यात गंज मात्र वेगाने वाढतो, आणि आपल्या भागात विहिरी कायम भरलेल्या राहत नाहीत. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, गाळ काढायला माणसे उतरतात, आणि गाळात कुदळ मारणाऱ्या त्या माणसाला तुमच्या चुलत्यांनी काय टाकले होते हे माहीत नसते. बांधाला पुरण्याचेही तेच. पुढच्या पिढीचा रोटाव्हेटर तिथूनच जाणार आहे.

भंगाराबद्दल तर बोलायलाच नको. नगरजवळच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांत तोफखान्याच्या सरावातले अवशेष भंगारासाठी गोळा करताना आणि फोडताना माणसे मेली आहेत. 2004 मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातून जिवंत गोळे भट्टीपर्यंत पोहोचले आणि स्फोटात कामगार दगावले. पितळेला किलोमागे चांगला भाव येतो हे खरे, पण भंगाराच्या दुकानात ती वस्तू गॅस कटरखाली जाणार असते, आणि कटर धरणारा पोरगा कोणाचा तरी मुलगा असतो.

आता पोलिसांची भीती. मी वकील नाही. जे सांगतो ते पथकांबरोबर काम करताना पाहिलेले आहे. काडतुसे आणि दारूगोळा विनापरवाना बाळगणे हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे, आणि स्फोटकांसाठी 1908 चा स्फोटक पदार्थ अधिनियम आहे. पण शस्त्र अधिनियमाखालच्या ताब्याचा अर्थ न्यायालये ‘जाणीवपूर्वक ताबा’ असा लावत आली आहेत. वस्तू आपल्याजवळ आहे हे माहीत असणे त्यात महत्त्वाचे ठरते. कालपर्यंत माळ्यावर काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक झाले. म्हणून आजच कळवणारा तुम्ही आणि आणखी सहा महिन्यांनी पुरलेले सापडल्यावर पकडले जाणारे तुम्ही, या दोघांकडे कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहील. स्वतःहून कळवणाऱ्या ज्या कुटुंबांशी माझा संबंध आला, त्यांचे जबाब झाले, पंचनामा झाला, एखाद-दोन हेलपाटे पडले आणि विषय तिथे मिटला. सर्वत्र असेच होईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ठाण्यातला अधिकारी कसा आहे, वस्तू किती आहेत, त्यांत चालू बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर आहे का, घरात आधीचे काही प्रकरण आहे का, यांवर पुष्कळ अवलंबून असते. शस्त्र निघाले, तर ते विनाविलंब जवळच्या ठाण्यात जमा करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. मात्र ते भरलेले असू शकते म्हणून स्वतः उचलून नेऊ नका, पोलिसांना घरी बोलवा.

कळवताना दोन गोष्टी सांभाळा. फोन झाल्यावर, धोका निवळल्यानंतर, एक साधा लेखी अर्ज द्या: घर कोणाचे, कोणत्या कामामुळे माळा उघडला, वस्तू कधी दिसली, कोणी हलवली, कोणत्या वेळी 112 ला फोन केला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सहीची पोच घ्या. गोळा माळ्यावरून सोप्यात तुम्हीच आणला हे त्यात लपवू नका. पथकाला ते कळणे तुमच्यापेक्षा त्यांच्या जिवासाठी जास्त गरजेचे आहे. त्याच अर्जात ट्रंकेतली पदके, पलटणीचे डिस्चार्ज बुक आणि पत्रे कुटुंबाकडे राहावीत अशी विनंती लिहा. तपासणी होईपर्यंत मात्र त्या वस्तूंसाठीही ट्रंकेत हात घालू नका. डिस्चार्ज बुकावरचा सैन्य क्रमांक हाती आला, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राशी किंवा साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना तोच उपयोगी पडतो. फौजी घराला या कागदांचे मोल मी सांगायला नको. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले आणि आजही नावापुढे ‘मिलिटरी’ लावते, तिथे तर नाहीच.

पुढे काय घडते, याची कल्पना असली की थांबणे सोपे जाते. आधी स्थानिक ठाण्याचे कर्मचारी येऊन जागा मोकळी करतील. मग जिल्ह्याचे बॉम्बशोधक व नाशक पथक येईल. वस्तू लष्करी बनावटीची आहे असे दिसले, तर सैन्याच्या तुकडीलाही बोलावले जाऊ शकते, आणि त्यात एखादा दिवस सहज जातो. तोवर घराला पहारा राहील आणि तुम्हाला पाहुण्यांकडे मुक्काम करावा लागेल. वस्तू हलवण्याजोगी वाटली, तर ती गावाबाहेर नेऊन खड्ड्यात वाळूच्या पोत्यांआड नष्ट करतील. हलवणेच धोक्याचे वाटले, तर निर्णय जागेवर होईल. पथक ‘उशीर लावते’ म्हणून गावकरी कुरकुरतात. पण वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव दारूगोळा भांडाराजवळ 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मेले. नेमलेल्या जागी, त्याच कामासाठी जमलेल्या माणसांचे हे होते. तेव्हा पथक तासभर दुरूनच पाहत बसले, तर ते काम करत आहे असे समजा.

येथवरचे सार एवढे: हात नाही, पाणी नाही, माती नाही, भंगार नाही, अंतर, 112, अर्ज आणि पोच.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट जोडतो, कारण सातारा-सांगलीच्या घरांत फौजी हातगोळ्यापेक्षा ती जास्त सापडते. विहिरी खोदताना सुरुंग लावणाऱ्यांच्या घरी जिलेटिनच्या कांड्या, म्हणजे टोटे, आणि डिटोनेटरच्या टोप्या उरलेल्या असतात. डिटोनेटर म्हणजे पेनच्या टोपणासारखी बारीक धातूची नळी, काहींना दोन तारा जोडलेल्या. मुले ती खेळायला घेतात आणि बोटे गमावतात. जुन्या टोट्यावर तेलकट घाम सुटलेला दिसला किंवा कागद डागाळलेला दिसला, तर आतले नायट्रोग्लिसरीन बाहेर आलेले असू शकते, आणि त्या अवस्थेत तो खोका सरकवणेसुद्धा धोक्याचे असते. तारांच्या डिटोनेटरजवळ मोबाइल वापरू नका; बाहेर, दूर जाऊन फोन करा. वाळवा, पलूस, कडेगाव भागातल्या ज्या घरांत पत्रीसरकारच्या काळी भूमिगतांची ये-जा होती, तिथे गावठी बनावटीच्या वस्तूही निघू शकतात. त्यांचा आराखडा कोणाकडेच नसतो, म्हणून पथकाला घराचा हा इतिहास आधीच सांगावा.

शेवटी तुमच्या घरपाडणीबद्दल. जिथे एक वस्तू निघाली तिथे दुसरी नसेल असे मी धरणार नाही. पथक घरी असतानाच त्यांना माळ्याचा उरलेला भाग, भिंतीतली बळदे, बुजवलेले कोनाडे आणि जमिनीखालचे पेव दाखवा. पेवात तुम्ही स्वतः उतरू नका. बंद पेवातली हवा कोंदलेली असते आणि नुसत्या तिनेही माणसे मेली आहेत. तपासणी झाल्याची नोंद पंचनाम्यात करून घ्या, तिची प्रत ठेकेदाराला द्या, आणि माती उपसताना लोखंडाची अनोळखी वस्तू दिसली तर बकेट थांबवायची, हे जेसीबी चालवणाऱ्याला ठेकेदारामार्फत नव्हे, समोर उभे राहून सांगा.